पिसवा दिसतात कुत्र्यावर, वाढतात घरात

कुत्र्याला पिसवा झाल्या की बहुतेक घरांत तेच नाटक होतं. पिसवांचा शाम्पू येतो. कुत्र्याला पकडून, चुचकारून, प्रसंगी दामटून आंघोळ घातली जाते. फेसाबरोबर मेलेल्या पिसवा वाहून जाताना बघून घरच्यांना हायसं वाटतं. दोन-तीन दिवस कुत्रा निवांत झोपतो. आठवड्याच्या आत त्याचा मागचा पाय परत कानामागे जातो आणि निकाल लागतो, "हा शाम्पू काही कामाचा नाही." मग दुसरा शाम्पू. मग पावडर. मग पट्टा. मग कुणीतरी सांगितलेलं तेल.

आमच्याकडेही हे सगळं साग्रसंगीत झालंय, त्यामुळे कुणाला हसण्याचा मला अधिकार नाही. पण शाम्पूवर उगाच आळ येतो, एवढं मात्र आता कळलंय. त्याने त्याचं काम चोख केलेलं असतं. त्या वेळी अंगावर होत्या तेवढ्या पिसवा मेल्या, पाण्याबरोबर शाम्पूही गेला आणि दुसऱ्या दिवशी नव्या पिसवा चढल्या. त्या कुठून आल्या? आपण शेजारच्या कुत्र्याकडे बोट दाखवतो. खरं तर बहुतेक वेळा त्या येतात तो झोपतो त्या गोधडीतून, सोफ्याच्या फटीतून, पलंगाखालच्या धुळीतून.

पशुवैद्यकात एक ढोबळ हिशेब सांगतात. घरातली पिसवांची सगळी प्रजा शंभर धरली, तर त्यात ५० अंडी असतात, ३५ अळ्या, १० कोष आणि उड्या मारणाऱ्या, चावणाऱ्या, आपल्याला दिसणाऱ्या पिसवा फक्त ५. घर बदललं, हवा बदलली की आकडे पुढेमागे होतील, पण चित्र साधारण असंच. शाम्पू मारतो तो या पाचांना. उरलेले पंच्याण्णव मागे रांगेत उभे असतात, आणि त्यांचं काय करायचं ते कळलं की बाकीचं अवघड नाही.

आधी खात्री: पिसवाच आहेत ना?

खाजवणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला पिसवा असतातच असं नाही. खरूज, बुरशी, खाण्यातली ॲलर्जी, कानातला संसर्ग अशी खाजेची कारणं बरीच. गोचीड आणि पिसू यांचीही लोक सर्रास गल्लत करतात. गोचिडीला आठ पाय असतात, ती एका जागी तोंड रोवून बसते आणि रक्त पिऊन फुगते. पिसवेला पाय सहा. ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, गडद तपकिरी, आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. त्या चपटेपणामुळेच ती केसांच्या जंगलातून सरसर पळते आणि चिमटीत येत नाही.

पिसू दिसली नाही म्हणजे नाहीच, असंही समजू नका. ज्या कुत्र्याला फार खाज सुटते तो चाटून, चावून निम्म्या पिसवा स्वतःच गिळून टाकतो. अशा वेळी शोधायची ती त्यांची विष्ठा. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर, मांड्यांच्या आत, पोटाखाली केस बाजूला करून बघा. मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर झटका आणि मिनिटभर थांबा. साधी धूळ तशीच काळी राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती लालसर डाग पसरतो, कारण ते दुसरंतिसरं काही नसून तुमच्या कुत्र्याचं न पचलेलं, वाळलेलं रक्त असतं. या रक्ताकडे पुन्हा यायचंय, ते लक्षात ठेवा.

लिखा काढायची असते तशी बारीक दातांची फणी यासाठी उत्तम. शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा ठेवायचा आणि फणीत आलेली पिसू लगेच त्यात बुडवायची. नुसत्या पाण्यावर ती तरंगते, साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडला की बुडते. नखावर चिरडायला जाऊ नका, निसटून उडी मारते.

त्या उडीबद्दल थोडं विषयांतर. पिसवेला पंख नाहीत, आणि एवढ्या छोट्या स्नायूंच्या जोरावर एवढी उडी शक्य नाही. तिच्या छातीत रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाची गादी असते. ती आधी दाबून अडकवून ठेवायची आणि मग खटका सोडायचा, अशी ती यंत्रणा आहे, बेचकीसारखी. फ्रान्समधल्या संशोधकांनी कुत्र्याची पिसू आणि मांजराची पिसू यांच्या उड्या चक्क मोजल्या. कुत्र्याची पिसू जास्त उंच उडते असं निघालं आणि २००८ साली या कामाला इग नोबेल मिळालं. गंमत बाजूला ठेवली तर यातला उपयोगी भाग वेगळाच आहे. तुमच्या कुत्र्यावर सापडते ती पिसू बहुधा 'कुत्र्याची' नसतेच. जगात बहुतेक ठिकाणी कुत्र्यांवरही राज्य आहे ते मांजराच्या पिसवेचं, म्हणजे टेनोसेफॅलाइडिस फेलिस या जातीचं. त्यामुळे घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील, तर एकाला औषध देऊन दुसऱ्याला सोडून दिल्याने काहीही साधत नाही.

अंड्यापासून पिसवेपर्यंत

पूर्ण वाढलेली पिसू एकदा कुत्र्यावर चढली की तिथेच राहते. ती काही दिवसभर घरभर हिंडून रात्री जेवायला कुत्र्याकडे येत नाही. चढल्यावर काही मिनिटांतच ती रक्त प्यायला लागते, आणि पहिल्या जेवणानंतर साधारण एक ते दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते. हा एक-दोन दिवसांचा अवधी पुढे औषधांच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. जोमात आलेली मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. दहा माद्या धरा आणि महिन्याचा हिशेब तुम्हीच करा.

उवांची अंडी केसाला घट्ट चिकटतात. पिसवांची चिकटत नाहीत. ती अर्ध्या मिलिमीटरची, पांढरी, गुळगुळीत, मिठाच्या बारीक कणांसारखी असतात. कुत्रा चालला, अंग झटकलं, लोळला की ती घरंगळून खाली पडतात. थोडक्यात, पिसवा झालेला कुत्रा म्हणजे घरभर फिरणारी मिठाची भोकं पडलेली पिशवी. तो जिथे जास्त वेळ असतो तिथे अंडी जास्त. त्याची झोपायची जागा, तुमच्या पायाशी त्याने पटकावलेला कोपरा, गाडीची मागची सीट, दुपारी बाहेर ज्या झुडपाखाली तो पसरतो ती माती.

थोड्याच दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते. ही अळी रक्त शोषत नाही. पांढुरकी, केसाळ, आंधळी, दोन ते पाच मिलिमीटर लांबीची ती जमिनीवरच जगते. खाते काय? मघाचे ते काळे कण. कुत्र्याच्या अंगावर बसून आई रक्त पिते, गरजेपेक्षा कितीतरी जास्त पिते, आणि जास्तीचं रक्त विष्ठेतून खाली टाकते. वरून अंडीही पडतात आणि अळ्यांचं खाणंही. जेवणाचा डबा घरपोच येतो म्हणा ना! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किळस आली आणि कौतुकही वाटलं.

अळीला दोन गोष्टी सोसत नाहीत, उजेड आणि कोरडेपणा. उजेड दिसला की ती खाली आणि आत जाते, गालिच्याच्या धाग्यांच्या मुळाशी, लादीच्या फटीत, फळ्यांच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते. म्हणून दमट, उबदार दिवसांत पिसवांना ऊत येतो. म्हणूनच बाहेर रणरणत्या उन्हातल्या अंगणात औषध मारत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. तिथे अळ्या टिकतच नाहीत. त्या असतात सावलीत, ओलसर मातीत, पायऱ्यांखाली, पालापाचोळ्यात.

कोष, म्हणजे खरी डोकेदुखी

आठवडा-दीड आठवडा खाऊन झालं की अळी स्वतःभोवती रेशमासारखा कोष विणते. कोष चिकट असतो, त्यावर धूळ, केस, वाळूचे कण बसतात आणि तो आजूबाजूच्या कचऱ्यासारखाच दिसायला लागतो. आत पिसू तयार होते. घरात मारायची बहुतेक कीटकनाशकं या कोषाच्या आतपर्यंत नीट पोचत नाहीत. शाम्पूचा तर इथे प्रश्नच नाही.

त्यातून पिसू तयार झाली म्हणजे ती लगेच बाहेर येते, असंही नाही. बाहेर खायला कुणी आहे का, याचा अंदाज घेत ती कोषातच दबा धरून बसू शकते, आठवडेच्या आठवडे. हवा थंड, पण फार कोरडी नसेल तर महिनोन् महिने. तिला हव्या असतात त्या खुणा म्हणजे जमिनीला बसणारे हादरे, वरून पडणारा दाब, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड. त्या मिळाल्या की काही सेकंदांत ती बाहेर येऊन उडी मारते.

कित्येकांना आलेला एक अनुभव यातून उलगडतो. घर महिनाभर बंद होतं. कुत्राही घरात नव्हता. परत येऊन दार उघडलं, सामान आत घेतलं आणि पाचच मिनिटांत घोट्याभोवती चावे सुरू. "घर बंद असताना एवढ्या पिसवा कशा झाल्या?" झाल्या नव्हत्या. होत्याच. तुमच्या पावलांचा आवाज ही त्यांची जेवणाची घंटा होती.

म्हणून 'पिसवा उपाशी मरतील' या आशेवर कुत्र्याला कुणाकडे तरी ठेवून घर बंद करणं हा उपाय नाही. कोष औषधाने मारता येत नाहीत, त्यामुळे त्यातल्या पिसवांना बाहेर यायला लावायचं आणि बाहेर आल्या की गाठायचं, एवढंच हातात राहतं. आणि बाहेर आलेल्या पिसवेला गाठणारी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तुमचाच कुत्रा, अंगात किंवा अंगावर औषध असलेला. तो घरभर फिरतो, पिसवा कोषातून निघून त्याच्यावर झेप घेतात आणि अंडी घालण्याआधी मरतात. पिसवा झाल्या म्हणून त्याला बाहेर बांधून ठेवणारे आपला सर्वोत्तम सापळाच घराबाहेर काढतात. औषध दिलं असेल तर त्याला नेहमीसारखं घरात हिंडू द्या.

कुत्र्याला काय द्यायचं

इथे पशुवैद्याला विचारल्याशिवाय काही करू नका. कुत्र्याचं वजन, वय, गाभणपण, आधीचे आजार यांवर निवड ठरते. पण डॉक्टर जे देतील ते कसं काम करतं हे माहीत असलं की आपण चुका कमी करतो.

एक गट पोटात घ्यायच्या, चघळायच्या गोळ्यांचा. अफोक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर, लोटिलानर ही त्यातली नावं. औषध रक्तात उतरतं, पिसू चावते आणि काही तासांत मरते. अफोक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर महिन्यातून एकदा देतात, फ्लुरालानरची गोळी साधारण १२ आठवडे चालते. गोचिडांवरही ती लागू पडतात. "पण मरण्याआधी चावतेच ना?" असं विचारलं जातं. चावते, खरंय. फायदा असा की अंडी घालायला लागणारा तो एक-दोन दिवसांचा अवधी तिला मिळत नाही. चावा एक, पण पुढची पन्नास अंडी नाहीत. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, झटके असे त्रास होऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिली होती. बहुसंख्य कुत्र्यांना काही होत नाही, पण तुमच्या कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.

दुसरा गट मानेवर टाकायच्या थेंबांचा, स्पॉट-ऑन म्हणतात ते. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन वगैरे. यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेंब केसांवर टाकणं. खांद्यांच्या मधोमध, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे, केस दुभंगून थेट कातडीवर टाकायचे. यातली बरीच औषधं कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरतात, त्यामुळे आदल्या दिवशी शाम्पूने तेल काढून टाकलं किंवा टाकल्यावर लगेच आंघोळ घातली तर पैसे पाण्यात. पुढे-मागे दोन-दोन दिवस आंघोळ टाळायची, हा साधा नियम. नेमका किती काळ, ते पाकिटावर असतं.

औषधी पट्टेही येतात. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेला चांगला पट्टा कित्येक महिने टिकतो, नुसता वासाचा पट्टा मात्र गळ्यात शोभेपुरता. नायटेनपायरमची गोळी अर्ध्या तासात काम सुरू करते आणि दिवसभरात संपते. अंगावर पिसवाच पिसवा असतील तर पहिला दणका द्यायला ती बरी, तिच्या एकटीच्या भरवशावर राहता येत नाही.

आता एक गोष्ट मी ठळक अक्षरांत लिहिणार आहे: परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्रा ते सहज पचवतो. मांजराचं यकृत ते नीट मोडू शकत नाही. थरथर, झटके आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मृत्यू. कुत्रा-मांजर एकमेकांना चाटत असतील, बिलगून झोपत असतील तर कुत्र्याला लावलेलं औषधही मांजराला भोवतं. मोठ्या कुत्र्याचं औषध अर्धं करून पिल्लाला देणं हाही असाच जिवावरचा खेळ.

आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनबद्दलही वरचेवर विचारलं जातं. पिसवांवर त्याचा म्हणावा तसा उपयोग नाही, आणि कोली वंशाच्या कुत्र्यांमध्ये जनुकातल्या एका बदलामुळे ते मेंदूपर्यंत पोचून धोका होऊ शकतो. पिसवांसाठी त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

अगदी लहान पिल्लांना यातली बरीचशी औषधं चालत नाहीत. तिथे फणी, कोमट पाणी, सौम्य साबण आणि चिकाटी. मात्र पिल्लू मलूल असेल आणि हिरड्या फिकट दिसत असतील तर फणी खाली ठेवा आणि ताबडतोब डॉक्टरकडे न्या. पिसवा रक्त पिऊन पिल्लाला इतकं अशक्त करू शकतात की जीव जातो. हे मोठ्या कुत्र्यात क्वचित होतं, पिल्लात होतं.

आणि घर

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो या लढाईतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित हत्यार आहे. तो अंडी, अळ्या आणि त्यांचं ते वाळलेल्या रक्ताचं खाणं ओढून घेतो, आणि त्याच्या हादऱ्यांनी कोषातल्या पिसवा बाहेर पडतात. २००७ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा ओढल्या गेलेल्या पूर्ण वाढलेल्या पिसवांपैकी सरासरी ९६ टक्के आतच मेलेल्या होत्या, अळ्या आणि कोष तर सगळेच. त्यामुळे पिशवी जाळून टाकायची वगैरे गरज नाही. तरी मी ती बाहेर नेऊन रिकामी करते, मनाच्या समाधानासाठी.

सुरुवातीचे पंधरा दिवस रोज, निदान दिवसाआड. खोलीच्या मध्यभागी चकाचक करून उपयोग नाही, तिथे उजेड असतो. सोफ्याच्या गाद्या उचला, पलंग सरकवा, भिंतीच्या कडेकडेने जा, कपाटाखाली नळी घाला. व्हॅक्यूम नसेल तर झाडू चालेल, पण केर कोपऱ्यात साचू न देता लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. गुळगुळीत फरशीवर पिसवांना फारसा थारा नसतो. असतो तो फटींत, पायपुसण्याखाली, गालिच्यात. पिसवांचे दिवस संपेपर्यंत जाड गालिचा सरळ गुंडाळून बाजूला ठेवावा, आधी नीट साफ करून आणि कडक उन्हात तापवून.

कुत्र्याची पांघरुणं, अभ्रे, खोळी आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात. गोधडी उचलताना जागेवरच आतल्या बाजूला गुंडाळा. फरफटत नेली तर अंडी वाटेवर सांडत जातील. जे धुता येत नाही आणि फार माखलेलं आहे, अशी एखादी जुनी गादी टाकून देणं परवडतं. त्याच्यावर माया असते, कळतं.

फवारणी प्रत्येक घरात लागतेच असं नाही. कुत्र्याचं औषध वेळच्या वेळी चालू असेल आणि झाडझूड नेटाने होत असेल तर बऱ्याच घरांत तेवढ्यावर भागतं. प्रादुर्भाव दांडगा असेल तर असं औषध निवडा ज्यात मोठ्या पिसवा मारणाऱ्या द्रव्याबरोबर मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन आहे. ही दोन्ही कीटकांच्या एका संप्रेरकाची नक्कल करतात. त्यांच्या संपर्कात आलेल्या अंड्यांची आणि अळ्यांची पुढची वाढ खुंटते. मेथोप्रीन उन्हात लवकर निकामी होतं, पायरिप्रॉक्सिफेन टिकतं. फवारताना माणसं, मुलं, जनावरं बाहेर, आणि सगळं वाळेपर्यंत बाहेरच. माशांची टाकी असेल तर झाकून हवेचा पंप बंद ठेवा, कारण यातली काही औषधं माशांना फार विषारी असतात. खोलीच्या मध्ये ठेवून धूर सोडायचे डबे मला पटत नाहीत. धूर वर जातो, पसरतो आणि उघड्या जागांवर बसतो. अळ्या असतात पलंगाखाली. हातपंपाने वाकून, फटींत मारलेलं बरं.

घरगुती उपायांचं काय?

काही निरुपयोगी आहेत, काही घातक. लसूण खाऊ घातला की पिसवा पळतात असं सांगतात. लसूण आणि कांदा यांनी कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात, म्हणजे पिसू राहते आणि रक्त कमी होतं. टी ट्री तेल कातडीतून शोषलं जाऊन विषबाधा होऊ शकते, मांजरांना तर फारच. डांबराच्या गोळ्या, रॉकेल, फिनेल, शेतीची कीटकनाशकं कुत्र्याच्या अंगाजवळही नेऊ नका. तो अंग चाटतो, म्हणजे जे लावाल ते पोटात जाणार. व्हिनेगरने पिसवा जरा वेळ नाराज होतात, एवढंच.

दिव्याखाली साबणाच्या पाण्याची ताटली ठेवायची युक्ती मात्र मला आवडते. अंधारात दिव्याकडे झेपावलेल्या पिसवा पाण्यात पडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण कुठल्या खोलीत किती उरल्यात याचा अंदाज रोज सकाळी मिळतो.

आपल्याला, मुलांना काही होतं का?

मांजराची पिसू माणसाला चावते, बहुधा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, पण आपल्यावर मुक्काम करत नाही. पिसू म्हटलं की जुन्या पिढीला प्लेग आठवतो. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं. ती पिसू प्रामुख्याने उंदराची, वेगळ्या जातीची. म्हणजे सोफ्यातल्या पिसवेने लगेच प्लेगची धास्ती घ्यायचं कारण नाही. तरी पिसवांमधून काही जिवाणू माणसापर्यंत पोचतात, त्यामुळे घरात पिसवा असताना कुणाला ताप, अंगावर पुरळ असं झालं तर डॉक्टरांना पिसवांचंही सांगावं.

जास्त वेळा भेटते ती चपटी कृमी, डिपिलिडियम. तिची अंडी पिसवेची अळी खाते, अळीची पिसू होते, कुत्रा खाजवताना ती पिसू गिळतो आणि कृमी त्याच्या आतड्यात वाढते. शेपटीखाली, गादीवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे, कधी हलणारेसुद्धा, दिसले तर तेच. रांगत्या मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही हे होऊ शकतं. अशा कुत्र्याला जंताचं औषध आणि पिसवांचं औषध दोन्ही हवीत. एकच दिलं तर महिन्याभरात पुन्हा तुकडे दिसतील.

काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते. त्यांच्यासाठी दोन-चार चावेही पुरतात. कमरेवरचे केस जातात, कातडी लाल होऊन चिघळते, वास येतो. घरमालक शपथेवर सांगतो की एकही पिसू नाही, आणि त्याच्या नजरेपुरतं ते खरंही असतं. अशा कुत्र्याला खाज कमी करणारं वेगळं औषध लागतं आणि पिसवांचं औषध बारा महिने, खंड न पाडता.

किती दिवस?

तीन महिने धरून चाला. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, पण हिशेब सरळ आहे. तुम्ही आज कुत्र्याला औषध दिलंत, म्हणजे आजपासून नवी अंडी पडणं थांबलं. कालपर्यंत पडलेली अंडी अजून अळ्या होणार, अळ्या कोषात जाणार, कोषातून पिसवा निघणार. उबदार, दमट हवेत हे तीन-चार आठवड्यांत होतं, थंडीत लांबतं. त्यामुळे औषध दिल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिसवा अचानक वाढल्यासारख्या वाटतात. इथेच बहुतेकजण "औषध लागू पडलं नाही" म्हणून ते बदलतात किंवा सोडून देतात. त्या पिसवा जुन्या अंड्यांच्या आहेत आणि कुत्र्यावर चढून मरतायत. महिन्याचा डोस महिन्यालाच द्या, पाच-सहा दिवसांचा उशीरही नको. तेवढ्या फटीत चढलेली मादी अंडी घालून मोकळी होते.

प्रगती मोजायची तर फणीने मोजा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाच मिनिटं, शेपटीच्या मुळापासून मानेपर्यंत. किती पिसवा, काळे कण आहेत की नाही, कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्या कॅलेंडरवर पहिल्या आठवड्यात १९ होत्या. तिसऱ्यात २३, आणि मी जवळजवळ हार मानली होती. सहाव्या आठवड्यात ४, नवव्यात शून्य. दहाव्यात एक आली, कुठून कोण जाणे. त्यानंतर गेली दीड वर्षं शून्यच आहेत. फणी अजून साखळीशेजारच्या खिळ्यालाच टांगलेली असते, आणि रविवारी ती हातात घेतली की कुत्रा आपणहून येऊन पाठ करून बसतो.